काकांची खोली कुणाला दाखवायची?

ताई, नमस्कार.

मी निपाणी भागातल्या एका खेड्यातला. बेळगावात हॉस्टेलवर राहून एमबीए करतोय. आई विड्या वळते, वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. कॉलेजची स्टडी टूर दुबईला निघाली तेव्हा मी नाव देणारच नव्हतो. पण दुबईतल्या काकांना कळलं आणि त्यांनी चाळीस हजार पाठवून दिले. उरलेले वडिलांनी सोसायटीतून काढले.

काका अकरा वर्षं तिकडं आहेत. गावात सगळे त्यांना सुपरवायझर म्हणून ओळखतात. आमच्या घराचा स्लॅब त्यांच्याच पैशावर पडला. टूरमध्ये रविवारी सरांना विचारून मी त्यांना भेटायला गेलो. ताई, काका सळ्या बांधायचं काम करतात. एका खोलीत आठजण, वर-खाली खाटा, काकांची खालची, तिला जुन्या चादरीचा पडदा. खाटेखालच्या ट्रंकेतून त्यांनी आज्जीने पाठवलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला. तळाला थोडी राहिली होती, ती सगळी मला वाढली. मूळ पगार आठशे दिरहम, ओव्हरटाइम धरून बाराशेपर्यंत जातो म्हणाले. आदल्याच दिवशी आम्ही बुर्ज खलिफावर गेलो होतो. त्याचं तिकीट काकांच्या चार दिवसांच्या पगाराएवढं. निघताना काका एवढंच म्हणाले, "घरात काय बोलू नको हं."

अकरा वर्षं त्यांनी आमच्याशी खोटं बोलून काढली. आल्यापासून मला जेवण गोड लागेना. कँटीनमध्ये पोरं डेझर्ट सफारीचे व्हिडिओ दाखवतात तेव्हा डोकं फिरतं. त्यांनीच बसमधून निळ्या कपड्यातल्या कामगारांचे फोटो काढून खाली हसायचे इमोजी टाकलेत. सरांनी मला प्रेझेंटेशन दिलंय, 'दुबई : विकासाचं मॉडेल'. वाटतं, काकांच्या खोलीचा फोटो लावावा आणि सगळ्यांची तोंडं बंद करावीत. आज्जीला आणि काकीला खरं सांगू का? काकांचे पैसे परत करू का?

आणि एक. काकांचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, दहावी नापास, तोही दुबईला निघालाय. एजंटाने एक लाख वीस हजार सांगितलेत. व्हिजिट व्हिसावर जायचं आणि तिकडं बदलून घ्यायचा म्हणे. काकी पुढच्या महिन्यात गंठण गहाण टाकणार आहे.

तुमचा एक वाचक

•••

बाबा रे, पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तू 'आणि एक' म्हणून शेवटी टाकली आहेस. मी ती आधी घेते. तुझं प्रेझेंटेशन थांबेल, आज्जीला सांगायचं की नाही हेही थांबेल. काकीचं गंठण एकदा सोनाराच्या तिजोरीत गेलं की मग हातात काही राहत नाही.

तो एजंट जे सांगतोय ते सरळसरळ बेकायदा आहे. दहावी पास नसलेल्या माणसाचा पासपोर्ट 'ईसीआर' प्रकारचा असतो. म्हणजे नोकरीसाठी आखाती देशात जायचं तर आपल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून निघते आणि त्यासाठी तिकडच्या मालकाचा करार आणि नोकरीचा व्हिसा दाखवावा लागतो. हे सगळं चुकवायचं म्हणूनच एजंट लोक 'व्हिजिटवर जा, तिकडं बदलून घेऊ' असं सांगतात. यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे. आणि पकडला गेला नाही तरी काय? पगार बुडवला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? करार नाही, विमा नाही, कुठल्या कागदावर नाव नाही.

आता पैशाचं. परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक माग आणि ई-मायग्रेटवर टाकून बघ. नोंदणीकृत एजंटालाही जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तिकडच्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यालाच मनाई आहे. मग एक लाख वीस हजार कशाचे? हा प्रश्न तू स्वतः, काकीला बरोबर नेऊन, त्याच्या दुकानात बसून विचार. उत्तर काय येतं यापेक्षा तो कशी टाळाटाळ करतो ते काकीने डोळ्यांनी बघितलेलं बरं. ईसीआरवाल्याला रीतसर जाताना प्रवासी भारतीय विमा योजना काढावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. तुझ्या एजंटाने हिचं नाव तरी काढलं का बघ.

पोराला जायचंच असेल तर जाऊ दे, मी 'जाऊ नको' म्हणणाऱ्यांतली नाही. निपाणीच्या पट्ट्यात बसून लोकांना 'इथंच काहीतरी कर' सांगणं सोपं असतं. पण एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, पुन्हा बसता येतं. पास झाला की त्याच्या पासपोर्टची ईसीआरची अट सुटते, आणि आयटीआयला वेल्डिंग नाहीतर इलेक्ट्रिशियन करून गेला तर पगारही बापाच्या पगारासारखा राहणार नाही. एक लाख वीस हजारांत हे सगळं होऊन वर पैसे उरतील.

आता अवघड जागा. हे सगळं तू बोलायला गेलास की तो पोरगा म्हणणार, "माझा बाप तिकडं सुपरवायझर आहे, तू मला शिकवू नको." आणि तुझ्या तोंडावर काकांनी कुलूप लावलंय. म्हणून आधी काकांना फोन कर. खोलीत बाकीचे असतात, तेव्हा मोकळेपणी बोलता येईल अशी वेळ त्यांनाच विचार. एकच वाक्य सांग : "तुमच्या पोराला तुमच्या कामाबद्दल तुम्हीच सांगा, गंठण गहाण पडायच्या आत सांगा." बापाने सांगितलं तर मुलाचा बाप राहील. तू सांगितलंस तर मुलाला वाटेल, चुलतभाऊ टूरवर जाऊन आला आणि माझ्या बापाची अब्रू घेऊन आला. काकांना धीर झालाच नाही, तरी तुला तोंड बांधून बसायचं कारण नाही. 'तुझा बाप काय काम करतो' हे सांगू नकोस. 'दुबईत सळ्या बांधणाऱ्याला मूळ पगार किती, खोलीत किती माणसं, ओव्हरटाइम किती' हे सांग. ती माहिती काकांची खासगी नाही, अख्ख्या धंद्याची आहे. पोरगा एकोणीसचा आहे, दोन आणि दोन चार त्याचे तो करेल.

आज्जीचं आणि काकीचं? नको. ते काकांचं सांगणं आहे, तुझं नाही.

'अकरा वर्षं खोटं बोलून काढली' हे तुझं वाक्य मात्र मला तितकंसं पटलं नाही. मी तुला उलटं विचारते, अकरा वर्षांत घरात कुणी काकांना पगाराचा कागद मागितला? तुझ्या आईच्या विड्यांचा हिशोब तू लहानपणापासून करत आला असशील. हजाराला काय मिळतं, पानं किती वाईट लागली, तपासणाऱ्याने छाट म्हणून किती बाजूला काढल्या, हे सगळं त्या घरात जेवताना बोललं जातं. आई अमुक विड्या वळते आणि तमुक रुपये आणते हे तुला चौथीत माहीत होतं. त्यात लाज नव्हती, राग होता, आणि राग बरा. निपाणीत तर मजुरी आणि भाव ही कधीच झाकलेली गोष्ट नव्हती. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांनी मजुरीसाठी मोर्चे काढलेत. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आज्जीला विचार, तिला तो दिवस आठवत असणार. मालकाचा वाडा कुठे आणि विडीवालीचं घर कुठे, दोन्ही एकाच गावात, येता-जाता दिसतं. कोण कुणाच्या जिवावर आहे हे सांगायला कुणाला विमानाने जावं लागत नाही.

काकांचे पैसे मात्र बिनहिशोबाचे आले. बँकेत आकडा पडला, कुणी विचारलं नाही तो कसा पडला. स्लॅबला हवे तेवढे आले, तुझ्या टूरला हवे तेवढे आले. 'सुपरवायझर' हा शब्द पहिल्यांदा काकांनी उच्चारला की गावाने त्यांना बहाल केला, हे मला तुझ्या पत्रावरून कळत नाही, आणि तुलाही बहुतेक माहीत नसेल. तो अंगावर पडला आणि त्यांनी झटकला नाही, असंही असू शकतं. लग्न जमवताना, सोसायटीत जामीन राहताना तो शब्द घरालाही उपयोगी पडला असेल. तेव्हा एकट्या काकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नकोस.

तुला त्या खोलीत धक्का बसला, पण गरिबी तुला नवी नाही. आठ माणसांची खोली तू बेळगावात हॉस्टेलच्या पोरांच्या भाड्याच्या घरातही बघितली असशील, आणि दिवाळीनंतर संकेश्वर-चिकोडी रस्त्याकडेला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडतात त्या तर खोल्याही नसतात. तुला हललं ते याने की काचेच्या मनोऱ्यावर चढायचं तिकीट आणि त्या मनोऱ्याखालची खाट, दोन्हीला एकाच माणसाचे पैसे लागले होते. हे ओझं खरं आहे. ते मी हलकं करू शकत नाही. पण त्याचं काहीतरी करता येतं, आणि एमबीए करणाऱ्या पोराला तर बरंच करता येतं.

काकांचा हिशोब कर. गंमत म्हणून सांगत नाही. यूएईच्या कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. मूळ पगार, म्हणजे ते आठशे, ओव्हरटाइम धरून होणारे बाराशे नव्हे. इथेच बरेचजण फसतात. अकरा वर्षांचे झाले २८५ दिवस. आठशेला तीसने भाग, २८५ ने गुण, साधारण ७,६०० दिरहम येतात. आजच्या भावाने पावणेदोन लाखांच्या वर. मध्ये कंपनी बदलली असेल, करार नवा करताना आधीचे पैसे दिले असतील, तर आकडा बदलेल. म्हणून त्यांच्याकडून सगळ्या करारांचे फोटो मागून घे, सही कशावर कशावर केली ते विचार. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर 'सगळं मिळालं' म्हणून सही करून दिलेली माणसं असतात. पगार बँकेतून येतो का, तेही बघ. २००९ पासून तिथे पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत सक्तीची आहे, त्यामुळे नोंद सापडते. आणि पासपोर्ट कुणाकडे आहे विचार. कंपनीने तो ठेवून घ्यायचा नाही असा तिथला नियम आहे. तरी 'ऑफिसात आहे, सुरक्षित आहे' असं काका म्हणाले तर लगेच भांडायला लावू नकोस, त्यांची नोकरी आहे ती. दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे आधी विचारून पाऊल टाकायला सांग.

चाळीस हजार परत? मुळीच नको. परत केलेस तर काकांना एवढंच कळेल की पुतण्याला माझे पैसे घ्यायची लाज वाटली. सोसायटीचा हप्ता मात्र नोकरी लागल्यावर वडिलांच्या हातून काढून घे.

आता तो फोटो. लावायचा नाही. तू म्हणशील, काकांची परवानगी घेतो. बाळा, ज्याने तुला डब्याच्या तळाची चटणी वाढली तो माणूस तुला 'नाही' कसा म्हणेल? असली परवानगी मागायचीच नसते. शिवाय त्या खोलीत आणखी सातजण राहतात, त्यांना कोण विचारणार? यूएईत दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता काढून पसरवला तर सायबर कायद्याखाली गुन्हा होतो. कॉलेजच्या ग्रुपवर पडलेला फोटो संध्याकाळपर्यंत निपाणीत पोचतो आणि रात्री दुबईत. आणि खरं सांगू, तुला तो फोटो शिकवण्यासाठी लावायचा नाही, पोरांना थोबाडीत मारायला लावायचा आहे. काकांची खाट त्यासाठी वापरायची?

बसमधून कामगारांचे फोटो काढणाऱ्या पोरांची बाजू मी घेत नाही, हलकटपणाच आहे तो. पण तू खोलीचा फोटो दाखवलास तर तेही 'अरेरे' म्हणून तो पुढे पाठवतील. इमोजी बदलेल, एवढंच.

प्रेझेंटेशन मात्र सोडू नकोस, आणि गुळमुळीतही करू नकोस. सरांनी 'विकासाचं मॉडेल' म्हटलंय ना, मग मॉडेलचे सगळे भाग दाखव. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच, जानेवारी २०१० मध्ये खुला झाला, हे सगळेच सांगतील. काम भरात असताना रोज सुमारे १२,००० कामगार त्यावर राबत होते, हे तू सांग. यूएईत राहणाऱ्या दर दहा माणसांत जवळजवळ नऊ परदेशी आहेत. बाहेरून आलेल्या कामगारासाठी किमान वेतनाचा सरसकट कायदा तिथे नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. ही बंदी घालावी लागली, म्हणजे आधी काय चालत असेल ते वर्गाला विचार. मेट्रोत गोल्ड क्लासचा वेगळा डबा आहे, आणि खाडी ओलांडायला लाकडी आब्रा होडी एका दिरहमला. तू दोन्हीत बसला असशील तर त्यात कोण कोण बसलेलं दिसलं ते सांग. बाहेर राहणारे भारतीय घरी जो पैसा पाठवतात त्यात अमेरिकेनंतर यूएईचाच नंबर लागतो, हेही टाक. म्हणजे दुबईच्या मॉडेलमध्ये आपल्या भागातल्या घरांचे स्लॅबही येतात हे वर्गाच्या लक्षात येईल. आणि मग एक तक्ता : मूळ पगार आठशे, भरतीसाठी एजंटाने मागितलेले एक लाख वीस हजार, ते फेडायला किती महिने. नाव कुणाचंच नाही. एमबीएच्या वर्गाला फोटोपेक्षा हा तक्ता जास्त टोचेल, कारण उद्या यातलीच काही पोरं कंपन्यांत एचआरमध्ये बसून माणसं भरणार आहेत.

सर म्हणतील, विषय भरकटला. म्हणू देत. मार्क गेले तर दोन-चार जातील.

राहिली कँटीन. डेझर्ट सफारीचे व्हिडिओ चालू झाले की तुझं डोकं फिरतं, ते हळूहळू कमी होईल, त्यावर माझ्याकडे औषध नाही. उठून जावंसं वाटलं तर उठून जा. पण एक गोष्ट मला दिसली. पत्रात बुर्ज खलिफाच्या ओळीनंतर तू एक ओळ लिहून खोडली आहेस. उजेडात धरली तर वाचता येते : 'लिफ्टमध्ये कानाला दडे बसले, लई मजा आली.' ती खोडायची गरज नव्हती. काकांनी पैसे पाठवले ते तू वर जाऊन तोंड पाडून बसावंस म्हणून नाही. पुढचा फोन करशील तेव्हा पगाराचं, पासपोर्टचं, पोराचं सगळं बोलून झालं की हेही त्यांना सांग. अकरा वर्षं तिथे असून ते स्वतः वर गेलेत का, तेही विचार. गेले नसतील तर वरून काय काय दिसतं ते नीट सांग, गडबडीत उरकू नकोस.